मागच्या घरचं पीठ

तिला सगळे वासवाली म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि तिचा जीव जळायचा. "मी काय मासळी विकते का?" असं ती नवऱ्यापाशी कुरकुरायची. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर खड्ड्यात उतरून ग्रीसने काळा झालेला. तो म्हणायचा, "अगं, निदान तुझ्या वासाने लोक जवळ तरी येतात." आता खरं सांगायचं तर नाव काही चुकीचं नव्हतं. ती वासच विकायची. कुकीज नुसतं निमित्त.

धंदा असा होता. रिकामं घर विकायला काढलं की त्याला एक कोंडलेला वास येतो. रंग मारा, फिनाईल ओता, खिडक्या सताड उघड्या टाका, तो काही जात नाही. गिऱ्हाईक दारात येतं, नाक वर करतं, "कळवतो" म्हणतं आणि जे जातं ते जातंच. घरं विकणाऱ्या एजंटच्या हे ध्यानात आलं होतं. म्हणून अकराला गिऱ्हाईक यायचं असेल तर साडेनऊला ही बाई पिशवी घेऊन हजर. अकरा वाजता दार उघडलं की आतून असा वास यायचा की माणसं चपला काढायची विसरायची. वरचे मजले बघायच्या आधी स्वयंपाकघरात घुसायची. एकेकदा तर बायका डोळे पुसायच्या आणि कशाला ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

खरी करामत बटरची. पातेलं हवं आतून पांढऱ्या चकचकीत स्टीलचं, काळ्या बुडाचं नाही, नाहीतर रंग कळत नाही. मंद आचेवर बटर वितळतं, मग फेसाळतं, मग तडतडायला लागतं. ते तडतडणं म्हणजे आतलं पाणी आटतंय. नवशिकी बाई इथेच घाबरून गॅस बंद करते. ही थांबायची. थोड्या वेळाने तडतड आपोआप विझते, पातेलं गप्प होतं, तळाशी तांबूस कण बसतात आणि भाजलेल्या बदामासारखा वास सुटतो. त्या गप्प होण्यावर कान ठेवायचा. त्याच्यापुढे पंधरा-वीस सेकंद दुर्लक्ष झालं की सगळं करपून कडू. म्हणून लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं, तळाच्या कणांसकट. मग त्यात काळसर साखर, एक अंडं आणि वर एक नुसता बलक, मैदा, चिमूटभर मीठ, सोडा, चॉकलेटचे तुकडे. आणि मग ते पीठ एक दिवस फ्रिजमध्ये झोपवायचं. लगेच भाजलं तर कुकी पसरते आणि पापडासारखी कडक होते. मुरलेलं पीठ भाजून, मधोमध अजून कच्चं वाटतंय तोवरच बाहेर काढलं, की कडा कुरकुरीत आणि पोट मऊ.

आता बघा, एक दिवस मुरायला हवं म्हणजे आज जे बटर तांबूस केलं त्याच्या कुकीज आज होत नाहीत. आजच्या पिठाच्या उद्या. म्हणून तिच्या कामाची रीत ठरलेली होती. ज्या घरी जायचं तिथे बटर भाजायचं, वास सोडायचा, पीठ मळायचं, पण ओव्हनमध्ये घालायचे ते काल दुसऱ्या घरात मळून आणलेले गोळे. आजचं पीठ डब्यात भरून आपल्या घरी न्यायचं. ते उद्याच्या घरी भाजायचं. ज्या थोरल्या बाईंकडून ती हे काम शिकली त्यांनी पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं होतं. "मागच्या घरचं पीठ पुढच्या घरात. त्या घरचं पीठ त्याच घरात कधी भाजायचं नाही. घराला वाटतं बाई राहायला आली." हिने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं, असं तिला वाटलं होतं. पण रीत मोडायचं कारणही कधी पडलं नव्हतं.

डबा घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर राहायचा आणि त्याचा एक शत्रू होता. तिची लेक टिकली, नऊ वर्षांची. सकाळी झाकण उघडलं की एका गोळ्याला बोटाएवढा खड्डा पडलेला असायचा आणि तो वरून मोठ्या शिताफीने सारखा केलेला असायचा. "कच्चं खाऊ नये गं, पोटात दुखेल," असं ही रोज ओरडायची. "मी नाही खाल्लं, आई. ते मुरताना खाली बसतं," असं ती रोज सांगायची. चोर तर चोर, वर शिरजोर. दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड होतं, त्यात ओव्हन ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिच्या घरात कुकीज कधी भाजल्या गेल्या नाहीत. पण तो खड्डा मात्र रोज पडायचा, आणि खोटं कशाला बोला, झाकण उघडताना ती तो आधी शोधायची.

मग ते गल्लीच्या टोकाचं घर आलं.

दुमजली, मागे छोटं अंगण, स्वयंपाकघर असं की हिचे डोळे दिपले. ओव्हन जुना पण तापमानाला एकदम सच्चा. फ्रिज सुरू. खिडकीतून ऊन थेट ओट्यावर. मालक कोण ते एजंटलाही नीट सांगता येत नव्हतं. कोणी नातेवाईक परदेशात, कागद वकिलाकडे, चावी आपल्याकडे, एवढंच. पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. वास घेऊन हरखली, कुकीज खाल्ल्या, वर गेली आणि वरून खाली आली ती गप्पगप्प. "छान आहे. पण कोणीतरी राहतंय का इथे?" एजंट म्हणाला, छे, वर्ष झालं रिकामं आहे. ती निघून गेली.

असं आठ-दहा वेळा झालं. त्या महिन्यात बाजार थंडावला होता, दुसरं घरच नव्हतं दाखवायला. रोज तेच घर. पण रीत सुटली नव्हती हो. आज तिथे मळलेलं पीठ घरी न्यायची, ते तसंच ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारणीच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजून तिच्या पोरांत वाटून टाकायची. त्या घरात भाजायला रोज सकाळी शेजारणीच्या ओट्यावर वेगळं पीठ मळायची, ते तिच्याच फ्रिजमध्ये एक दिवस मुरवायची. दुप्पट राबणं. नवरा म्हणायचा, "तुझ्या त्या थोरल्या बाई काय येऊन बघणार आहेत?"

आणि मग एका कडक उन्हाळ्याच्या दिवशी शेजारीण माहेरी गेली, दाराला कुलूप. त्याच सकाळी घरचा फ्रिज बंद पडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, फ्रिज नाही. माणूस चार दिवसांनी येणार. त्या उन्हात बटरचं पीठ फ्रिजशिवाय घरी ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत पाणी झालं असतं. तिने गल्लीच्या टोकाच्या घरातला तो गार, स्वच्छ फ्रिज उघडला आणि डबा आत ठेवला. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे, असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. रिकाम्या घरात तिला आपलाच आवाज जरा मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्या घरचं पीठ त्याच घरात भाजलं गेलं. आणि काय सांगू, तशा कुकीज तिच्या हातून जन्मात झाल्या नव्हत्या. ओव्हनने एक मिनिट पुढे-मागे केलं नाही. एजंट खाताना बोलेना. तिला खरं तर भीती वाटायला हवी होती, पण वाटला आनंद. कष्ट करणाऱ्या बाईला कोणी शाबासकी देत नाही, तिला त्या ओव्हनने दिली. फ्रिज चार दिवसांत दुरुस्त झाला, पण डबा काही परत घरी आला नाही. बरं पडत होतं. ओझं वाचत होतं.

पहिल्यांदा बोलले ते त्या घरासमोर राहणारे निवृत्त मास्तर. आधी ते तिला "नव्या आलात का?" असं विचारायचे. आता फाटकाशी थांबून म्हणाले, "बरं झालं तुम्ही खिडक्या उघडल्यात. तुमचं घर बंद बघून वाईट वाटायचं." ती म्हणाली, "माझं नाही हो, मी कामाला येते." ते हसले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "तुम्ही या घरात आलात तेव्हा मीच सामान उतरवायला होतो, आठवतं?" म्हातारा चळला, असं तिने मनात म्हटलं. पण त्या दिवशी चमचा शोधताना तिचा हात बरोबर तिसऱ्या खणाकडे गेला, आणि तिसरा खण तिने त्याआधी कधी उघडला नव्हता. आत चमचे होते.

घरी वेगळंच चाललं होतं. संध्याकाळी दार उघडून ती दिव्याचं बटण डावीकडे चाचपायची. तिच्या घरात ते उजवीकडे होतं, गेली अकरा वर्षं. एकदा जेवायला बसली तर दोनच ताटं वाढलेली. नवरा म्हणाला, "अरे हो," आणि तिसरं घेऊन आला, पाहुण्यांसाठी ठेवलेलं काचेचं. तिला चेष्टाच वाटली. मग टिकलीने पाण्याचा पेला पुढे करत विचारलं, "तुम्हाला गार हवं का साधं?"

"तुम्हाला? काय गं, शाळेत शिष्टाचार शिकवतात वाटतं," ती म्हणाली.

पोरगी कावरीबावरी झाली आणि बापाकडे बघायला लागली.

त्या आठवड्यात तिची उशी माळ्यावर गेली, तिचा कंगवा आरशापुढून नाहीसा झाला. कोणी मुद्दाम करत नव्हतं, हेच तर भयंकर होतं. भांडायचं म्हटलं तर भांडायचं कोणाशी? आणि मग शुक्रवारी संध्याकाळी चहा संपल्यावर तिचा नवरा, ज्याच्या ग्रीसचे कपडे तिने अकरा वर्षं धुतले, अदबीने उभा राहिला आणि म्हणाला, "अंधार पडेल. तुमचं घर कुठे आहे? सोडू का तुम्हाला?"

 तिने लग्नातला फोटो भिंतीवरून काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो नीट पाहिला. "तुमच्यासारख्या दिसतात खऱ्या," तो म्हणाला. बिचारा, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि का ते त्यालाही कळत नव्हतं.

तिने जिन्यात बसून थोरल्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.  मग बाईंनी एवढंच विचारलं, "कुठल्या घरचं पीठ कुठे भाजलंस?" तिने सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

"ऐक," बाई म्हणाल्या. "तुझ्या हातचा एक घास तुझ्या पोरीच्या पोटात गेला पाहिजे. ती ओळखेल. ती ओळखेल म्हणजे सगळे ओळखतील. पण लवकर कर. ते घर आधी दुसऱ्यांना विसरायला लावतं. तुझा नंबर सगळ्यात शेवटी असतो."

एवढंच ना, तिला वाटलं. जी पोर रोज चोरून खाते तिला एक घास भरवायचा. तिने त्या घरातून डबा आणला, आपल्या फ्रिजमध्ये ठेवला, झाकण मुद्दाम अर्धवट लावलं. नवऱ्याने तिला, त्या पाहुण्या बाईला, बाहेरच्या खोलीत झोपायला दिलं होतं, दया म्हणून. सकाळी उठून तिने डबा उघडला. बारा गोळे, बाराच्या बारा गोल गरगरीत. कुठे खड्डा नाही.

टिकली दप्तर भरत होती. हिने एक गोळा हातात घेतला आणि म्हणाली, "खा ना बाळा. मी ओरडणार नाही."

"नको. मी दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावत नाही," पोरगी म्हणाली. मग चेहरा पडलेला बघून तिने समजूत घातली, "बाबांनी सांगितलंय, अनोळखी माणसांकडून काही खायचं नाही. तुम्ही वाईट आहात असं नाही." किती शहाणी लेक. स्वतःच शिकवलेलं ते, पाचव्या वर्षापासून.

त्या दिवशी नवऱ्याने तिला दाराबाहेरच निरोप दिला. ती रस्त्यावर उभी राहिली आणि तिला कळेना की कुठल्या नंबरची बस धरायची. गल्लीच्या टोकाच्या घराचा नंबर मात्र जिभेवर होता. तेव्हा तिला थोरल्या बाईंचं शेवटचं वाक्य आठवलं आणि तिने डोकं चालवलं. घाबरली असली तरी बाई हुशार होती. अनोळखी माणसाकडून पोरगी खाणार नाही. पण विकाऊ घरात बशीतली कुकी सगळेच खातात. बापच म्हणतो, घे गं एक. तिने एजंटला फोन करून नवऱ्याचा नंबर दिला. "हे कुटुंब घर शोधतंय. रविवारी अकराला बोलवा. मुलीलाही आणायला सांगा."

"बोलवतो की," एजंट म्हणाला. "पण ताई, नक्की विकायचं ना तुम्हाला? नाहीतर ऐनवेळी मालकीणबाईंचा जीव अडकतो असं होतं."

तिने फोन ठेवून दिला. आता त्यालाही समजावायला वेळ नव्हता.

रविवारी आठलाच ती ओट्यापाशी उभी होती. सारखं पुटपुटत होती: तो येणार, टिकली येणार, टिकलीने खायचं. तो येणार, टिकली येणार, टिकलीने खायचं. हातावर पेनाने लिहायचं मनात आलं, पण पेन शोधायला गेली असती तर बटर राहिलं असतं. आज सगळं बिनचूक व्हायला हवं होतं. पातेलं तापलं. बटर वितळलं, फेसाळलं, तडतडायला लागलं. ती त्या आवाजाच्या वरून बोलत राहिली. तो येणार, टिकली येणार. मग तडतड हळूहळू विझली. पातेलं गप्प झालं, आणि त्यासोबत सगळं घर गप्प झालं, वरची खोली, जिना, मागचं अंगण, सगळं कान देऊन ऐकत असल्यासारखं. तिचेही ओठ थांबले. तिने बटर वेळेवर ओतलं, तळाच्या कणांसकट. एक थेंब सांडला नाही.

साखर घालताना ती म्हणत होती: तो येणार, पोर येणार. मैदा चाळताना: ते येणार. फ्रिजमधल्या मुरलेल्या गोळ्यांचा पहिला ट्रे ओव्हनमधून काढला, ओट्यावर एकदा आपटला, कुकीज मधोमध मऊ बसल्या. कोणीतरी येणार होतं, तिला आठवलं. हां, घर बघायला. एजंट म्हणाला होता.

बरोबर अकराला बेल वाजली. एजंटसोबत एक माणूस होता, नखांत ग्रीस, सदरा इस्त्रीचा, जरा बुजलेला. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. माणूस दारातच थबकला आणि खोल श्वास घेतला. "काय वास आहे हो," तो म्हणाला.

"या ना. लाजू नका," घराच्या बाईने म्हटलं. "आधी खा, मग वर जा."

"घे गं एक," माणूस मुलीला म्हणाला.

मुलीने बशीतली कुकी उचलली. अजून गरम होती, चॉकलेट बोटांना लागलं. तिने चावा घेतला, चघळला, आणि चघळता चघळता थांबली. आधी तिने बशीकडे पाहिलं. मग वर, बाईच्या तोंडाकडे. तिचे डोळे भरून आले.

"आई," ती म्हणाली.

तिच्या बापाच्या हातातून चाव्या खाली पडल्या. तो भिंतीला टेकला आणि एकटक बघत राहिला, जणू कोणीतरी त्याच्या डोळ्यांवरची पट्टी एका झटक्यात काढली होती. 

बाईने वळून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं, नुसता उघडा दरवाजा आणि अंगणातलं ऊन. मग ती मुलीपुढे वाकली.

"कोणाला हाक मारतेस गं? आई बाहेर थांबली आहे का तुझी?" ती प्रेमाने म्हणाली. "उन्हात कशाला उभी ठेवलीत तिला. आत बोलवा ना."

मुलगी तिच्या कमरेला मिठी मारून हुंदके देऊ लागली. बाईला वाईट वाटलं. कोणाची का असेना, लेकरू रडताना कोणाला बघवतं? तिने एका हाताने तिचे केस सारखे केले आणि दुसऱ्या हाताने बशी पुढे सरकवली.

"रडू नको, बाळा. अजून एक घे," ती म्हणाली. "तुझ्या आईसाठीही एक घेऊन जा."